आठ परस

आमच्या घरात कुठला ना कुठला रेडिओ कायम अर्धवट बोलत असायचा. भोरच्या पेठेतून नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत पुढे अब्बांचं दुरुस्तीचं दुकान आणि मागे दोन खोल्या, एवढंच आमचं बिऱ्हाड. मधे दार नव्हतं, अम्माच्या जुन्या लुगड्याचा पडदा होता. दुकानातल्या फळ्यांवर आजारी रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दाटीवाटीने बसलेले असत. त्यातला एखादा बरा होत आला की आधी खरखरायचा, मग भजनाची अर्धी ओळ म्हणायचा, मग कांद्याचा भाव सांगता सांगता पुन्हा गप्प व्हायचा. पडद्याआड अम्मा तांदळाच्या भाकरी थापायची. डाग देताना उठणारा राळेचा धूर अलीकडून जायचा आणि तव्यावर भाजलेल्या सुकटीचा वास पलीकडून यायचा. आज पन्नाशी आली तरी कुणाच्या घरी सुकट भाजली की मला राळेचा वास येतो, आणि हे कुणाला सांगायची सोय नाही, लोक नाक तपासून घ्यायला सांगतील.

दुपारी शाळेतून आले की मी दुकानातल्या पोत्यावर पालथी पडायची आणि नुसती ऐकत राहायची. त्या वयात मला डोळ्यांपेक्षा कानांनीच जास्त दिसायचं. कुठल्या टेपचा पट्टा सैल झालाय, कुठल्या मशीनचे सेल उतरलेत, हे मला गाण्याच्या चालीवरून कळायचं. अब्बा मान वर न करता विचारायचे, मी डोळे मिटून सांगायची, आणि बहुतेक वेळा बरोबर निघायचं. आकड्यांचं मात्र नाव काढू नये. माझी गणिताची उत्तरपत्रिका घरी आली की अम्मा म्हणायची, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. अब्बा म्हणायचे, "पोरीचं कान माझ्यावर गेल्यात. डोकं कुणावर गेलं, ते तिच्या आईला इचारा." मग पडद्यापलीकडून उलथनं आपटल्याचा आवाज यायचा.

गणिताशी माझं बिनसलं ते पहिलीतच. अम्मा चिपट्याने तांदूळ मोजायची तेव्हा पहिल्या मापाला कधीच एक म्हणायची नाही. बरकत, दोन, तीन, चार, असं मोजायची, पहिलं माप देवाच्या नावानं. बऱ्याच घरांत लाभ म्हणतात, आमच्यात बरकत. मला वाटायचं आकड्यांची सुरुवातच तिथून होते. शाळेत गुरुजींनी उभं करून मणी मोजायला सांगितले तेव्हा मी खणखणीत आवाजात "बरकत, दोन, तीन" म्हटलं, आणि सगळा वर्ग हसला. त्या दिवसापासून मी कानाला खडा लावला की ह्या आकड्यांच्या वाटेला जायचं नाही. नववीपर्यंत तो खडा कानाला होता.

नववीत आम्हांला गणिताला निगडे बाई आल्या. त्या रोज किकवीहून एसटीने यायच्या, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत शिंप्याकडची मोजपट्टी, सुतळीचा गुंडा आणि बारा महिने एक छत्री. त्यांचं एक वेड होतं. शनिवारी सकाळची शाळा असायची, तेव्हा त्या पुस्तक उघडायच्याच नाहीत. घरात जे यंत्र असेल त्यातलं गणित शोधून आणा, म्हणायच्या. कुणी सायकल आणली, तिच्या चाकाचे फेरे मोजत आम्ही शाळेपासून पुलापर्यंतचं अंतर काढलं. कुणी विजेच्या मीटरमधली चकती इस्त्री लावल्यावर मिनिटाला किती वेळा फिरते ते लिहून आणलं. एकीने आईच्या शिवणयंत्राचे टाके मोजले. मला ते सगळं स्वप्नात चाललंय असं वाटायचं, इतके दिवस फळ्यावर मेल्यासारखे पडलेले आकडे अचानक चाकांवर आणि सुयांवर बसून हिंडायला लागले होते. तरी मी मागच्या बाकावरच होते. एका शनिवारी बाईंनी मला उभं केलं आणि तुमच्या घरी कोणतं यंत्र आहे असं विचारलं, तेव्हा पुन्हा सगळा वर्ग हसला, कारण आमच्या घरात माणसं तीन आणि यंत्रं तीस. जे तोंडात आलं ते बोलले, की टेपरेकॉर्डरमधली टेप एका सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकते. पुण्याच्या उस्तादांनी अब्बांना हे शिकवलं होतं आणि अब्बा ते गिऱ्हाइकांना कारण नसताना सांगायचे.

बाईंनी हातातला खडू खाली ठेवला. त्या म्हणाल्या, "अगं शमीम, म्हणजे ती टेप नाही, पट्टी आहे. वेळ मोजायची पट्टी. पण मोजायचं काय?"

माझ्या शेजारी सुमन बसायची. ती वेल्ह्याच्या पुढची, तोरण्याच्या पायथ्याला तिची वाडी, वेल्ह्यापासून तासभर पायी. शिकायला म्हणून भोरमध्ये आत्याकडे राहायची. वर्गात सहसा न बोलणारी सुमन बाकाखालच्या पायांकडे बघत म्हणाली, "हिरीत दगड टाकल्याव त्यो तळाला जायाला किती येळ लागतो, त्ये."

त्या एका वाक्यामागे काय होतं ते वर्गात फक्त मला ठाऊक होतं. त्यांच्याकडे पावसात डोंगर फुटल्यासारखं पाणी येतं आणि होळीच्या आत पळूनही जातं. मग बाया खाली ओढ्यातल्या झऱ्यावर जातात आणि दोन हंडे घेऊन चढण चढतात. सुमनच्या आईची कंबर त्या चढणीने गेली होती. तिच्या वडलांनी, तात्यांनी, त्या वर्षी विहीर काढायला घेतली होती. गावच्या म्हाताऱ्या पाणाड्याने जागा दाखवून आठव्या परसाला पाणी लागेल असं सांगितलं होतं. लागलं तर सुमन शिकत राहणार होती, नाही लागलं तर तिला घरी जाऊन आईचे हंडे उचलायचे होते. हे तिने मला एकदा मधल्या सुट्टीत चिंचा खाता खाता सांगितलं होतं, जसं काही दुसऱ्याच कुणाचं सांगतेय.

परस म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. मला घरामागचं परस माहीत होतं, तुळस, धुण्याचा दगड आणि अळूचं आळं असलेलं. आठ परस खोल विहीर म्हटल्यावर मला एकाखाली एक अशी आठ परसदारं दिसायला लागली, प्रत्येकात एकेक बाई धुणं धुतेय आणि सगळ्यांत खालच्या परसात पाणी आहे. कित्येक दिवस मी झोपताना त्या परसांतून उतरत जायची आणि सहाव्या-सातव्यापर्यंत पोचेस्तोवर डोळा लागायचा. बाईंनाही परसाचा नेमका हिशेब ठाऊक नव्हता. त्यांनी शाळेच्या शिपायाला बोलावलं, तो म्हणाला, माणसाने उभं राहून हात वर केला की बोटापासून टाचेपर्यंत एक परस. बाईंनी त्यालाच भिंतीला टेकवून हात वर करायला लावला, बोटापाशी खडूची रेघ मारली आणि पिशवीतल्या पट्टीने मोजलं. बरोबर सात फूट भरलं. आठी साती छप्पन. सुमन म्हणाली की येत्या रविवारपर्यंत आठ परस पुरे होतील. बाई खूश झाल्या. म्हणाल्या, "उत्तर माहीत असलेलं गणित आधी करावं, म्हणजे आपण कुठं चुकतो ते कळतं."

रविवारी अब्बांना वेल्ह्याला कुणाचा तरी दुरुस्त केलेला कर्णा पोचवायचा होता, म्हणून आम्हां दोघींना घेऊन ते निघाले. मांडीवर त्यांचं सगळ्यांत लाडकं टेपचं मशीन होतं, धोतराच्या फडक्यात बांधलेलं. नसरापुराला गाडी बदलली आणि मग एसटी डोंगरांच्या कुशीत शिरत गेली. थंडी ओसरत होती, गवत पिवळं पडलेलं, आणि प्रत्येक वळणावर तोरणा जागा बदलून उभा असायचा. मला त्या प्रवासातलं बोलणं काही आठवत नाही, फक्त खिडकीच्या काचेचा थडथड आवाज आणि सुमनचं डोकं माझ्या खांद्यावर पडलेलं आठवतं. सुमनच्या आईने गेल्या गेल्या नाचणीची भाकरी आणि हुलग्याचं कढत माडगं दिलं. आम्ही मुसलमान म्हणून तिने आधी अब्बांना विचारून घेतलं की आमचं चालतं ना, आणि अब्बा म्हणाले की वहिनी, भुकेल्याला सगळं चालतं. पाण्याचा तांब्या मात्र तिने अर्धाच भरून दिला. तो अर्धा का, हे कळून मी तो अर्ध्यातला अर्धा प्याले.

विहिरीवर यारी उभी होती, दगड वर ओढायची, तिच्या तारेचा कुरकुर आवाज थांबलेला होता. खणणारी माणसं पूर्वेकडच्या दुष्काळी मुलखातून आलेली. त्यांच्या मुकादमाने त्याच सकाळी आठ परस पुरे झाल्याचं सांगितलं होतं. तळात कोरडा काळा खडक. तात्या काठावर बसून खाली बघत होते, आम्ही आल्यावर हसले, पण ते हसू अब्बांच्या मानासाठी होतं. आम्ही आमचं काम केलं. विहिरीच्या तोंडावर फळी सरकवून तिच्या टोकाला दगड ठेवला, सुमनने उलथन्याने त्याला हलकेच टोला दिला. टोल्याचा आवाज ही सुरुवात, आणि तळाचा ठक् हा शेवट. मी माइक धरून श्वास रोखून होते. टोला, मग काहीच नाही, मग खालून एक बारीक कोरडा ठक्. पाच वेळा केलं. पाचही वेळा तो ठक् ऐकून तात्यांनी मान फिरवली. मी आयुष्यात पुष्कळ आवाज ऐकले, पण त्या कोरड्या खडकाइतका निरुत्तर करणारा आवाज दुसरा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेआधी दुकानात बसून आम्ही टेप मोजली. अब्बांनी मशीन उघडून चक्री हाताने अगदी सावकाश फिरवायला घेतली, तशी आतून जाड, झोपाळलेली घरघर यायला लागली. टोल्याचा आवाज इतका हळू ओढला की एखाद्या म्हाताऱ्याने हुंकार दिल्यासारखा येतो. त्यांचा हात आणि माझा कान. मी "हां, हितं" म्हणायची आणि ते पांढऱ्या पेन्सिलीने टेपच्या पाठीवर खूण करायचे. मग पुढची खूण. मग पट्टी. पाचही वेळा आठ सेंटिमीटरला किंचित कमीच भरलं.

बाईंनी वर्गात ते फळ्यावर मांडलं. पावणेपाचने भागून सेकंद काढले, एक पूर्णांक पासष्ट शतांश आले. त्याचा वर्ग, त्याची पाचपट, की झाले मीटर. साडेतेरा मीटर, म्हणजे चव्वेचाळीस फूट. आणि उत्तर हवं होतं छप्पन. बाईंनी सगळी आकडेमोड पुन्हा तपासली. छप्पन यायला टेप पावणेनऊ सेंटिमीटर भरायला हवी होती. एखाद-दोन फुटांचं मी समजू शकते, पण बारा फूट म्हणजे कुठंतरी मोठी चूक आहे, शोधा, असं त्या म्हणाल्या. रागावून नाही म्हणाल्या, पण मला ते रागावल्याहून जास्त लागलं. मागून कुणीतरी म्हणालं, शमीमच्या दगडाला लई घाई झाली होती. पुन्हा तेच हसू, पहिलीतलं. मी मनात म्हटलं, बरकत, दोन, तीन.

घरी मी ते अब्बांना सांगितलं आणि चूक केली, कारण त्यांचं जेवण राहिलं. त्यांनी मशीनचा पट्टा ताणून पाहिला, सेल तपासले, टेप वाचणारं मशीनचं डोकं पुसलं, तरी त्यांना चैन पडेना. दुरुस्तीवाल्याचंच मशीन खोटं बोलतं म्हटल्यावर त्याने तोंड कुठं दाखवायचं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बातम्यांआधी त्यांनी मला उठवलं. त्या काळी बातम्या लागायच्या आधी रेडिओवर सेकंदासेकंदाला टुक् टुक् असे ठोके पडायचे, लोक त्यावर घड्याळं लावायचे. अब्बांनी ते ठोके त्याच टेपवर भरून घेतले. पुन्हा चक्री, पुन्हा माझा कान, पुन्हा पेन्सिल. एका ठोक्यापासून दुसऱ्या ठोक्यापर्यंत पट्टी लावली. पावणेपाच. पुढचा ठोका, पावणेपाच. अब्बांनी पट्टी खाली ठेवून अम्माला हाक मारली आणि चहा मागितला.

पण त्याने सुटलं काहीच नाही. मशीन खरं, बाईंनी गणित दोनदा तपासलं ते खरं, आणि माझे कान पाचही वेळा सारखेच कसे चुकतील. ह्या घोळात बुधवार आला, आणि बुधवारी तात्या सुमनला न्यायला आले. पत्र्याची पेटी, वर बांधलेली गोधडी. ते आत्याच्या दारात उभे होते, मी धावत गेले तर मला म्हणाले, "आट परस झालं, पोरी. खडक कोरडा. आता नशिबाला काय इचारायचं." रविवारी ती माणसं यारी गाडीत भरून निघणार होती. सुमनने मला तिची भूमितीची पेटी दिली, वापर म्हणाली, आणि एसटीत चढताना वळून पाहिलं नाही. मला तेव्हा तिचा राग आला होता. तिला वळून पाहणं झेपणार नव्हतं हे कळायला मला पुढे स्वतःची माणसं एसटीत बसवावी लागली.

त्यानंतर बाकावर मी एकटी. दुसरी कुणी येऊन बसू नये म्हणून मी तिच्या जागेवर माझं दप्तर ठेवायला लागले. गुरुवारी बाईंनी विचारलं, सापडली का चूक. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचबरोबर तोंडातून उद्धटपणा बाहेर पडला. म्हटलं, "मशीन चुकलं न्हाई, मी चुकले न्हाई, तुमी चुकला न्हाई. मग हीरच चुकली आसंल."

वर्ग हसणार होता, पण बाई हसल्या नाहीत म्हणून थांबला. त्या म्हणाल्या, "ती विहीर मोजली कुणी?"

आता हे वाचणारा म्हणेल, एवढं रामायण कशाला, एक दोर सोडून मोजायचं होतं. खरं आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण मोजणार कोण होतं? पाणाड्याने आठ सांगितले, तात्यांनी आठ ठरवले, मुकादमाने आठ पुरे केले, बाईंनी आठ फळ्यावर लिहिले. ज्याचा आकडा माहीत असतो ते कुणी मोजत नाही. मी आजही आमच्या त्याच दुकानात बसते, रेडिओच्या जागी आता मोबाईल येतात, आणि माझी मुलगी मला हसते की सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्टही अम्मी पुन्हा तपासून बघते. तिला काय सांगायचं.

रविवारी सकाळी अब्बा आणि मी पुन्हा निघालो. नसरापूरच्या फाट्यावर बाई छत्रीसकट उभ्या होत्या. वाडीवर पोचलो तर यारी अर्धी सुटलेली होती आणि तिचे लोखंडी पाय गाडीत चढवले जात होते. सुमन डोक्यावर हंडा घेऊन चढणीवरून येताना दिसली. चार दिवसांत तिची चाल बायकांसारखी झाली होती. बाई थेट विहिरीपाशी गेल्या. तात्या एका बाजूला, मुकादम दुसऱ्या बाजूला. बाईंनी नमस्कार केला आणि एवढंच विचारलं, "एक परस म्हणजे किती, हे जरा दाखवता का?"

दोघांनी एकाच वेळी दाखवलं. तात्यांनी उजवा हात सरळ आभाळाकडे वर केला. आणि मुकादमाने दोन्ही हात दोन बाजूंना पसरले, दोर ताणून धरल्यासारखे.

दोघे तसेच उभे राहिले, एकमेकांकडे बघत. एक उभा, एक आडवा. मग मुकादमाचे हात हळूहळू खाली आले. त्यांच्याकडे दोर मोजताना छातीवरून दोन्ही हात ताणतात, त्यालाच ते परस म्हणत. बाईंनी त्याला पुन्हा हात पसरायला सांगून पिशवीतली पट्टी लावली, साडेपाच फूट भरले. साडेपाच आठी चव्वेचाळीस. मी ते बाईंच्या आधी मोठ्याने म्हटलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला आकडा तोंडात गोड लागला.

मुकादमाचा चेहरा उतरला होता. वयस्क माणूस, हातांना खडकाचे घट्टे. तो म्हणाला, "आमी खोटं मोजलं न्हाई, मालक. आमचा बाप बी असाच मोजायचा."

तात्या काही बोलायच्या आत अब्बा पुढे झाले. म्हणाले, "कोण खोटं म्हणतंय तुमाला? तुमी बी खरं, तात्या बी खरं, आन् माजी टेप बी खरी. बारा फूट तेवढं मधी हरवलं हुतं." मग ते हसले, आणि तात्यांनाही हसू आलं, मानाचं नाही, खरंच. मुकादमाने थोडा वेळ खाली विहिरीत पाहिलं. मग मागे वळून गड्यांना सांगितलं की यारी परत उतरवा. तुमच्या परसानं आठ ठरलं होतं तर तुमच्या परसानंच आठ देऊन जाऊ, एवढंच तो म्हणाला. लोखंडी पाय पुन्हा जमिनीवर आदळले तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

पाणाड्यावर बाईंचा विश्वास नव्हता आणि माझाही नाही. बारा फूट खणूनही खडक कोरडाच निघू शकतो, हे बाईंनी मला परतीच्या वाटेवर स्पष्ट सांगितलं. गणिताने विहिरीची खोली कळते, पाणी नाही कळत, असं त्या म्हणाल्या. निघताना अब्बांनी मात्र एक वेडेपणा केला. आपलं लाडकं मशीन नवे सेल घालून तात्यांच्या घरात खुंटीला टांगलं आणि म्हणाले की काय लागंल त्याचा आवाज भरून पाठवा, पाणी न्हाईतर खडक. परतीच्या एसटीत त्यांची मांडी रिकामी होती आणि ते सारखे तिथे हात ठेवत होते.

मग दिवस गेले. चक्री फिरवताना टेप ओढते तसे ते दिवस जाड आणि संथ होत गेले. उन्हं वाढली, नदीचं पात्र खडकांच्या आत आत सरकलं, अम्माने कुरडया घातल्या. बाईंनी दोन शनिवार मला फळ्यापाशी उभं करून गणितं सोडवायला लावली आणि ती सुटली. पण सुटलं की सांगायला बाकावर कुणी नसायचं, होतं ते माझंच दप्तर. परीक्षा जवळ आली. सुमन परीक्षेला आली नाही तर तिचं वर्ष जाणार, आणि आमच्याकडे मुलीचं वर्ष गेलं की मुलगीही शाळेतून गेली, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाईंनी मला एकदा विचारलं की त्या जागेवर दुसऱ्या कुणाला बसवू का. मी नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

एका दुपारी वेल्ह्याहून आलेल्या एसटीच्या कंडक्टरने दुकानात येऊन अब्बांपुढे एक पुडकं ठेवलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेली कॅसेट, सुतळीने आठ वेढे घातलेली. अब्बांनी दुरुस्तीला आलेल्या कुणाच्या तरी मशीनमध्ये ती घातली. अम्मा पिठाचे हात घेऊन पडद्यापाशी येऊन उभी राहिली. आधी नुसता वारा. मग लांबून कोंबडा. कुणीतरी खाकरलं, ते तात्या होते. मग फळीवर उलथन्याचा टोला पडला, आणि शांतता. ती शांतता मला पाठ होती, ती किती सेंटिमीटरची असते हे मला ठाऊक होतं. मी मनात मोजायला लागले आणि पहिल्याच आकड्याला माझ्या तोंडून बरकत निघालं.

डुबुक.

अब्बांनी कानावरची पांढरी पेन्सिल काढून माझ्यापुढे धरली. मी मान हलवली. मोजायला काही राहिलं नव्हतं. अम्मा पिठाच्या हातांनी डोळे पुसत होती आणि तिच्या गालाला पीठ लागलं होतं. टेप पुढे चालतच होती. बराच वेळ पाण्याचा गोल गोल घुमणारा आवाज, आणि मग मशीनच्या अगदी जवळून, लाजत, धापा टाकत सुमनचा.

"शमे, सोमवारी येतीया. माजी जागा हाय का गेली?"

सोमवारी मी शाळेत लवकर गेले. वर्गात अजून कुणी नव्हतं. बाकावरचं माझं दप्तर उचललं, मांडीवर घेतलं आणि भिंतीकडे सरकून बसले.